यकृतातील गाठीची रसद तोडणारा उपचार

राहाता तालुक्यातील शेतकऱ्याला पाण्याचा हिशेब निराळा शिकवावा लागत नाही. ज्याच्या शेताला पाटाचे पाणी आहे आणि शिवाय विहीरही आहे, तो एक पाणी बंद पडले तरी दुसऱ्यावर पीक जगवितो. आपल्या यकृताची व्यवस्था अशीच आहे आणि यकृताच्या कर्करोगावरील एक महत्त्वाचा उपचार तिच्यावरच आधारलेला आहे.

दोन मार्गांनी रक्तपुरवठा

यकृताला मिळणाऱ्या रक्तापैकी सुमारे तीन-चतुर्थांश रक्त आतड्यांकडून येणाऱ्या पोर्टल शिरेतून येते. उरलेले यकृताच्या धमनीतून. कर्करोगाची गाठ मात्र आपले पोषण जवळजवळ सर्वस्वी धमनीतूनच घेते. ब्रीडिस व यंग या संशोधकांनी १९५४ मध्ये हे दाखवून दिले. तेव्हा धमनीचा मार्ग रोखला तर गाठीची उपासमार होते आणि निरोगी यकृत शिरेच्या रक्तावर तग धरते.

प्रारंभी शस्त्रक्रिया करून मुख्य धमनीच बांधून टाकीत. परंतु मुख्य चारी बंद केली तरी पाणी आडवाटेने शेतात शिरावे, तसे आजूबाजूच्या लहान धमन्यांतून गाठीला पुन्हा रक्त मिळू लागे. लाभ टिकत नसे. म्हणून गाठीच्या अगदी जवळ, तिच्याच शाखेत अडथळा घालण्याची पद्धत १९७० नंतरच्या दशकात पुढे आली. स्वीडनचे डॉ. सेल्डिंगर यांनी १९५३ मध्ये सांगितलेल्या, सुईच्या वाटेने रक्तवाहिनीत नळी सरकविण्याच्या तंत्रामुळे हे शक्य झाले.

उपचाराची रीत

जांघेतील किंवा मनगटातील धमनीतून एक बारीक नळी क्ष-किरणांच्या पडद्यावर पाहत यकृतापर्यंत नेतात. बहुधा ती जागा बधिर करणे पुरेसे होते. पोट उघडावे लागत नाही. गाठीला रक्त देणारी शाखा सापडली की तीत कर्करोगविरोधी औषध तेलात मिसळून सोडतात आणि नंतर जिलेटिनच्या किंवा अन्य सूक्ष्म कणांनी ती बुजवितात. औषध गाठीतच अधिक काळ राहते. त्यानंतर काही दिवस ताप, पोटदुखी व मळमळ होऊ शकते. काही आठवड्यांनी सीटी स्कॅन करून गरजेप्रमाणे उपचार पुन्हा करतात. गाठ फुटून पोटात रक्तस्राव झाल्यास तो थांबविण्यासही ही पद्धत उपयोगी पडते.

मर्यादा

बार्सिलोना व हाँगकाँग येथील अभ्यासांत २००२ मध्ये असे आढळले की, योग्य रुग्ण निवडल्यास या उपचाराने आयुष्य वाढते. तथापि बहुतेकांचा रोग याने समूळ जात नाही. लहान गाठ कापून काढणे, उष्णतेने जाळणे किंवा यकृताचे प्रत्यारोपण हेच समूळ बरे करण्याचे मार्ग होत. प्रत्यारोपणाची वाट पाहणाऱ्यांची गाठ आटोक्यात ठेवण्यासाठीही हा उपचार करतात.

पोर्टल शिरेचा मुख्य मार्ग गुठळीने बंद झाला असेल, वाढती कावीळ असेल किंवा पोटात पाणी साठत असेल, तर बहुधा हा उपचार करता येत नाही. दुसरे पाणी आधीच आटले असता पहिले तोडणे म्हणजे पीकच वाळविणे होय. म्हणूनच रोग वेळीच सापडणे हे सर्वांत महत्त्वाचे.

वेळीच तपासणी

यकृताचा कर्करोग बहुधा आधीच आजारी असलेल्या यकृतात होतो. हिपॅटायटिस बी व सी हे विषाणू, मद्यपान, तसेच लठ्ठपणा व मधुमेहासोबत यकृतात साठणारी चरबी ही त्याची मुख्य कारणे. बुरशी लागलेल्या भुईमुगातील व मक्यातील अफ्लाटॉक्सिन हे विषही घातक आहे. म्हणून माल नीट वाळवूनच साठवावा. सिऱ्होसिस झालेल्यांनी, तसेच हिपॅटायटिस बी असलेल्यांपैकी डॉक्टर सांगतील त्यांनी, दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी करावी. गाठ लहान असताना दुखत नाही. दुखण्याची वाट पाहणे म्हणजे संधी दवडणे.

राहाता तालुक्यातच लोणी येथे प्रवरा ग्रामीण रुग्णालय व १९८४ मध्ये सुरू झालेले ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय आहे. तेव्हा पहिल्या तपासणीसाठी दूर जाण्याचे कारण नाही. रक्तपुरवठा रोखण्याचा उपचार मात्र मुंबईच्या टाटा स्मारक रुग्णालयासारख्या सुसज्ज केंद्रांत होतो. खर्चाच्या चिंतेने थांबू नये. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या रुग्णालयातील आरोग्यमित्राकडे आधी चौकशी करावी.

आणि नवजात बालकाला जन्मानंतर चोवीस तासांच्या आत हिपॅटायटिस बी लस अवश्य टोचून घ्यावी. शासकीय लसीकरणात ती विनामूल्य मिळते. पुढे धमनी बुजविण्याची वेळच येऊ नये, याचा तो सर्वांत सोपा उपाय आहे.