जुना पिकअप : खरेदी आणि हिशेब

भाजीपाला, दूध वा बांधकामाचे साहित्य यांची रोज ने-आण करणाऱ्या छोट्या व्यावसायिकास नव्या वाहनाची किंमत अनेकदा पेलवत नाही. अशा वेळी सात-आठ वर्षे चाललेला पिकअप हा व्यवहार्य पर्याय ठरतो. तथापि, वाहन स्वस्तात मिळणे आणि स्वस्तात चालणे या दोन भिन्न गोष्टी होत.

उदाहरणादाखल, वाहनाची किंमत ३,५०,००० रुपये मानू. खरेदीदाराने १,००,००० रुपये स्वतःचे घातले व उर्वरित २,५०,००० रुपये द.सा.द.शे. १२ दराने ३६ महिन्यांसाठी कर्जाऊ घेतले, तर मासिक हप्ता सुमारे ८,३०४ रुपये येतो. महिन्यात २५ दिवस काम धरल्यास रोजच्या कमाईतून ३३२ रुपये हप्त्यासाठी बाजूस काढावे लागतात. क्लचच्या कामासाठी वाहन पाच दिवस गॅरेजमध्ये राहिले, तर उरलेल्या २० दिवसांवर हाच भार ४१५ रुपये होतो. दुरुस्तीचे बिल वेगळेच. वाहन थांबते, हप्ता थांबत नाही.

म्हणूनच हातची सर्व शिल्लक खरेदीत घालू नये. टायर, बॅटरी, विमा यांसाठी दरमहा ठरावीक रक्कम आवर्ती ठेवीत टाकावी. मालवाहू वाहनास आठ वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी, त्यानंतर मात्र दरवर्षी योग्यता प्रमाणपत्राचे नूतनीकरण करावे लागते. हा खर्चही हिशेबात धरावा.

पाहणी करताना जाणकार मेकॅनिक सोबत असावा. चासीवरील गंज व वेल्डिंगच्या खुणा, स्प्रिंगचे पाटे, एक्झॉस्टचा धूर यांकडे लक्ष द्यावे. रिकाम्या वाहनाची फेरी पुरेशी नसते. शक्य तर माल भरून, चढावर वाहन चालवून पाहावे.

कागदपत्रांतील हयगय अधिक महाग पडते. चासी व इंजिन क्रमांक नोंदणी प्रमाणपत्राशी जुळवावेत. पूर्वीच्या कर्जाचा बोजा असल्यास त्या वित्तसंस्थेचे ना हरकत प्रमाणपत्र व नमुना ३५ घेऊन तो उतरवावा. हस्तांतरणासाठी नमुना २९ व ३० लागतात. एकाच राज्यातील व्यवहारात विक्रेत्याने १४ दिवसांत, तर खरेदीदाराने ३० दिवसांत नोंदणी प्राधिकाऱ्यास कळवावयाचे असते. विमा कंपनीकडेही १४ दिवसांत अर्ज करावा. एकूण भारित वजन ३,००० किलोपर्यंत असल्यास मालवाहतुकीचा परवाना लागत नाही. पण विमा, योग्यता व प्रदूषण प्रमाणपत्र यांतून सुटका नाही.

ही दक्षता विक्रेत्याच्याही हिताची आहे. वाहन विकले, पण नोंदणीत नाव तेच राहिले, तर अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीकृत मालकच जबाबदार ठरतो, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये नवीन कुमार विरुद्ध विजय कुमार या प्रकरणात स्पष्ट केले.

सारांश, जुन्या वाहनाची खरी किंमत त्याच्या विक्रीच्या आकड्यात नसून ते महिन्यातून किती दिवस कामावर उभे राहते, यात असते. कागदपत्रे स्वच्छ, दुरुस्तीची तरतूद हाताशी आणि हप्ता कुवतीत असेल, तर जुना पिकअपही छोट्या व्यवसायाचा भरवशाचा आधार ठरू शकतो.