पावतीवर गट लिहिलेला नसतो

भांडुपला एलबीएस मार्गावरच्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात मी एकोणीस वर्षं युनिट कमिटीत होतो. आता तिथे टॉवर आहेत. पण अंधेरी एमआयडीसीतले तरुण कार्यकर्ते चार्जशीटचे कागद घेऊन अजून घरी येतात. त्यांना सांगतो ते हे.

१. वर्गणी भरणाऱ्याला गट विचारू नका. सुपरवायझरशी हुज्जत घातली म्हणून आमच्या एका फिटरला चार्जशीट मिळाली. कमिटीच्या निवडणुकीत तो आमच्या विरोधात उभा होता. इन्क्वायरीत मी त्याच्या शेजारी बसलो, पण सुपरवायझरला एक प्रश्न विचारला नाही. भांडण झालं तेव्हा दोन ऑपरेटर तिथेच होते. त्यांना साक्षीला बोलवा, एवढंही म्हणालो नाही. तो पानापानावर सही करत होता आणि दर वेळी माझ्याकडे बघत होता. त्याची नोकरी गेली.

२. मान्यता म्हणजे काय, ते नीट समजून घ्या. महाराष्ट्राच्या १९७१ च्या कायद्यात सहा महिने ३० टक्के सभासद दाखवले की युनियन मान्यतेसाठी अर्ज करू शकते. मान्यता मिळाली की उरलेल्या ७० टक्क्यांचाही भार तिच्यावर येतो. एखाद्याला वर्षानुवर्षं बदली कामगार म्हणूनच राबवलं, तर ती अनुचित प्रथा. पण मान्यताप्राप्त युनियन असेल, तर ही तक्रार त्या बदली कामगाराला स्वतः कोर्टात चालवता येत नाही, युनियनमार्फतच जावं लागतं. आपण फाइल कपाटात ठेवली, तर त्या माणसाने जायचं कुठे?

मुंबईच्या कापड गिरण्यांत हेच झालं. तिथे १९४६ च्या कायद्याने राष्ट्रीय मिल मजदूर संघ हीच प्रतिनिधी युनियन होती. ती आपलं ऐकत नाही असं वाटलं, तेव्हा घाटकोपरला दवाखाना चालवणाऱ्या डॉ. दत्ता सामंतांच्या मागे कामगार गेले. १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाखांच्या आसपास माणसं संपावर होती, आणि कायद्याने बोलणी करायचा हक्क मात्र संघाकडेच.

३. कायद्यात नाही म्हणून हात झटकू नका. अमेरिकेत रेल्वेच्या युनियनने काळ्या फायरमनना डावललं. सर्वांच्या वतीने बोलायचा हक्क घेतलात तर सर्वांना न्यायाने वागवा, असं तिथल्या सुप्रीम कोर्टाने १९४४ मध्ये बजावलं. आपल्या कायद्याच्या तिसऱ्या अनुसूचीत युनियनने काय करू नये त्याची यादी आहे, बेकायदा संपापासून घेरावापर्यंत. सभासदाची तक्रार टाकून देणं त्यात नाही. ते असायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

४. प्रत्येक केस लढलीच पाहिजे असं नाही. केस कच्ची असेल तर सभासदाला समोर बसवून कारणासकट सांगा, लेखी द्या, आणि वेळेत द्या. अनुचित प्रथेच्या तक्रारीला ९० दिवसांची मुदत असते. ‘बघतो, बघतो’ म्हणत आपण तीच खाऊन टाकतो.

५. भांडण दोन सभासदांतच असेल तर दोघांना वेगवेगळे प्रतिनिधी द्या.

६. चूक झाली तर घरी जा. मी उशिरा गेलो, टेंभीपाड्यात, त्या फिटरकडे. त्याने चहा दिला. मग पिशवीतून इन्क्वायरीची फाइल काढली आणि एका पानावर बोट ठेवलं. ‘बचाव प्रतिनिधीस उलटतपासणी घ्यावयाची नाही.’ खाली माझी सही होती.