संकेतस्थळ सभासदाच्या हाताला सोपे हवे!
(ऊस विकास अधिकारी, शेतकी विभाग)



लागणीची नोंद चुकली की तोडणीची पाळी चुकते, आणि ऊस वेळेत तुटला नाही तर वजन व साखर उतारा दोन्ही घटतात. ही नोंद आता मोबाईलवरही होऊ लागली आहे. शेतकऱ्याला ती स्वतः करता यावी म्हणून साखर आयुक्तालयाने २०२२ साली 'महा-ऊस नोंदणी' हे अॅप आणले. म्हणून संकेतस्थळ चांगले कशाला म्हणावे, हे आपणही समजून घेतले पाहिजे.

वारणेचा अनुभव पाहा. १९९८ साली वारणा परिसरातील सुमारे ७० गावांसाठी संगणक केंद्रांची योजना झाली. पीक सल्ला, बाजारभाव, इंटरनेट अशा मोठ्या अपेक्षा होत्या. प्रत्यक्षात केंद्रांचा मुख्य उपयोग झाला तो ऊस व खताच्या हिशेबासाठी! पुढे मायक्रोसॉफ्टच्या बंगळूर येथील संशोधन विभागाने सात गावांत आठ महिने प्रयोग केला. संगणकाऐवजी साध्या मोबाईलच्या संदेशावर हाच हिशेब दिला. तो स्वस्त पडला आणि लोकांना आवडलाही.

आपल्या मालवण किनाऱ्याचेच घ्या. हैदराबादच्या 'इन्कॉइस' संस्थेकडून मच्छीमारांना मासळीच्या संभाव्य जागेची सूचना मिळते. त्यात बंदरापासून दिशा कोणती, अंतर किती, पाणी किती खोल हे असते. होडीवरच्या माणसाला तेवढेच हवे असते.

यावरून चांगल्या संकेतस्थळाच्या कसोट्या अशा :

१) काम आधी, शोभा मागून. उघडताच ऊस नोंद, वजन पावती, बिल व तक्रार ही चार कामे दिसावीत. समारंभाचे फोटो खाली असले तरी चालतील.

२) पान हलके हवे. मुख्य मजकूर अडीच सेकंदांत दिसावा, असे माप गूगलने २०२० साली घालून दिले. घाटाखालच्या वाडीत रेंज येते-जाते. तेथे जड फोटोंचे पान उघडतच नाही. सरी पाडल्याशिवाय आपण लागण करत नाही. तसा आधी साधा मजकूर व फॉर्म चालला पाहिजे, कलाकुसर त्यावर.

३) मराठी युनिकोडमध्ये हवी. जुन्या फॉन्टमधील मजकूर दुसऱ्या यंत्रावर नुसती खुणांची खिचडी दिसतो. परिपत्रकाचा फोटो चिकटवू नये. त्यात शब्द शोधता येत नाही आणि अंध सभासदाला फोन तो वाचून दाखवू शकत नाही.

४) बांधावर, उन्हात वाचता आले पाहिजे. अक्षर व पार्श्वभूमी यांतील उजेडाचा फरक किमान साडेचारास एक असावा, असा जागतिक दंडक आहे. बटणे मोठी व सुटी असावीत. पान आडवे सरकवावे लागू नये.

५) फॉर्म आखूड हवा. सभासद क्रमांक दिल्यावर नाव-गाव पुन्हा विचारू नये. चूक झाल्यास 'गट नंबर जुळत नाही, सातबारा पाहून भरा' असे सरळ मराठीत सांगावे. रेंज गेली तरी भरलेली माहिती फोनमध्ये टिकून राहावी.

६) पावती मिळालीच पाहिजे. नोंदीचा क्रमांक व तारीख हाती नसेल, तर पुढे पाळीबद्दल वाद झाल्यास सभासदाने दाखवायचे काय?

ही परीक्षा घ्यायची कशी? या विषयाचे जाणकार जेकब नील्सन यांनी २००० साली लिहिले, की पाच जणांनी वापरून पाहिले तरी बहुतेक अडचणी उघड होतात. तेव्हा पाच सभासदांच्या हाती त्यांचाच फोन द्यावा, 'लागणीची नोंद करा' म्हणावे आणि गप्प बसून पाहावे. बोट जेथे अडेल तेथे दुरुस्ती करावी. दोष सभासदाचा नव्हे, पानाचा समजावा.

अर्थात सर्वांकडे असा फोन नाही. म्हणून गट कार्यालयातील नोंदवही चालू राहिलीच पाहिजे.

तरी पुढील गटसभेला येताना सभासदांनी आपला फोन बरोबर आणावा आणि कोठे अडते ते मोकळेपणाने सांगावे. शेत आपले, ऊस आपला. त्याची नोंदही दुसऱ्याच्या तोंडाकडे न पाहता आपल्याला करता आली पाहिजे.