हुद्द्याआधी काम पाहा

‘एकदा सरकारी नोकरी लागली की पोरगं मार्गी लागलं,’ असं आईवडील म्हणतात तेव्हा डोळ्यांपुढे महिन्याचा पगार असतो. ती काळजी रास्तच आहे. पण 23 व्या वर्षी राज्य शासनात रुजू झालेल्या मुलाला बहुतेक पदांवर 58 व्या वर्षापर्यंत, म्हणजे 35 वर्षं नोकरी करायची असते. एवढा काळ समाधानात जायचा तर रोजचं काम मनासारखं हवं. म्हणून अर्ज भरण्याआधी ते काम बघून घ्या.

तलाठ्याचंच घ्या. 2023 च्या भरतीत साडेचार हजारांच्या आसपास जागांसाठी दहा लाखांवर अर्ज आले. या पदाचं काम कसं असतं? घरचा कर्ता गेला की त्याची बायको मृत्यूचा दाखला घेऊन चावडीवर येते. तलाठी वारसांची चौकशी करतो, फेरफार धरतो, नोटीस काढतो. हरकतीची मुदत संपली की मंडळ अधिकारी नोंद प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर तिचं नाव लागतं. मग पीककर्जासाठी तिला कुणाच्या मागे फिरावं लागत नाही. असं एखादं काम वेळेत, चिरीमिरीशिवाय हातावेगळं झालं की बरं वाटतं का, हे स्वतःला विचारा. कागदपत्रं आणि बांधावरची भांडणं यांचा ज्याला मुळातच कंटाळा आहे, त्याने दुसरं पद शोधावं. कृषी, आरोग्य, वन, लेखा अशी कितीतरी खाती आहेत.

बढतीवर सगळं सोपवू नका

तलाठ्याचा मंडळ अधिकारी, पुढे नायब तहसीलदार होतो; पण जागा रिकामी होईपर्यंत वर्षानुवर्षं वाट पाहावी लागते. 10, 20 आणि 30 वर्षांच्या सेवेनंतर आश्वासित प्रगती योजनेतून पगार वाढू शकतो, काम मात्र तेच राहतं. अशा काळात अभ्यास उपयोगी पडतो. विभागीय परीक्षा वेळेत उरकाव्यात. 1966 ची जमीन महसूल संहिता ज्याला पक्की ठाऊक आहे, त्याच्याकडे वरिष्ठही सल्ल्याला येतात. दबाव आला तर नियमावर बोट ठेवून ‘नाही’ म्हणण्याचं बळही त्यातूनच येतं.

पालकांनी काय करावं?

ओळखीतल्या निवृत्त कर्मचाऱ्याकडे मुलाला घेऊन जा. कोणत्या कामाचं समाधान मिळालं, कशाचा जाच झाला, बदल्यांच्या काळात घर कसं सांभाळलं, हे मोकळेपणाने विचारा. 1 नोव्हेंबर 2005 नंतर लागलेल्यांच्या निवृत्तिवेतनाचे नियम वेगळे आहेत. तेही समजून घ्या. परीक्षेसाठी किती वर्षं द्यायची आणि त्यानंतर काय करायचं, हे घरात बसून आधीच ठरवा. एवढं करूनही मुलाला त्याच पदाची ओढ वाटली, तर त्याच्या अभ्यासामागे खंबीरपणे उभे राहा.