पेशींच्या जगातील शोध

मुंबईत परळ येथे टाटा स्मारक रुग्णालय आहे. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी ते सुरू झाले. अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या उपनगरांतून, इतकेच नव्हे तर देशाच्या कानाकोपऱ्यांतून कर्करोगाने पीडलेले रुग्ण तेथे आशेने येतात. पूर्वी या रोगाचे नाव उच्चारण्याचीही लोकांना भीती वाटे. कोणी त्यास दैवाचा कोप म्हणत, तर कोणी स्पर्शाने जडणारा रोग समजत. भीतीपोटी रोग लपविला जाई आणि उपचाराची वेळ निघून जाई.

रोगाचे मूळ कळल्याखेरीज भीती जात नाही. ते मूळ शोधण्यासाठी ज्यांनी आयुष्य वेचले, त्यांपैकी एक म्हणजे डॉ. कमल रणदिवे.

कमलताईंचा जन्म ८ नोव्हेंबर १९१७ रोजी पुणे येथे झाला. त्यांचे वडील दिनकरराव समर्थ फर्ग्युसन महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवीत. आपल्या कन्येने वैद्य व्हावे अशी त्यांची इच्छा होती. परंतु कमलताईंचे मन पेशींच्या अभ्यासात रमले. विवाहानंतर त्या मुंबईस आल्या. टाटा स्मारक रुग्णालयात त्यांना डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्यासारखे थोर गुरू लाभले. मुंबईतील तोंडाच्या कर्करोगाच्या एक हजार रुग्णांची पाहणी खानोलकरांनी १९४४ साली प्रसिद्ध केली होती. त्यांच्या मार्गदर्शनाखाली कमलताईंनी १९४९ साली डॉक्टरेट मिळविली.

आपले शरीर असंख्य पेशींचे बनलेले आहे. गरजेपुरत्या नव्या पेशी निर्माण होतात व जुन्या नाहीशा होतात. एखादी पेशी मात्र ही शिस्त मोडते. शेतात हराळी माजावी, तशी ती वाढतच जाते आणि भोवतालच्या निरोगी भागावर आक्रमण करते. हाच कर्करोग होय. हराळी बाहेरून येते. कर्करोगाची पेशी मात्र आपल्याच शरीरातील असते. म्हणूनच तिला ओळखणे अवघड!

अशा पेशींचे निरीक्षण करावे तरी कसे? कमलताई अमेरिकेतील बाल्टिमोर शहरी डॉ. जॉर्ज गाय यांच्या प्रयोगशाळेत गेल्या. शरीरातील पेशी काचपात्रात, पोषक द्रवात, शरीराइतक्याच उबेत जिवंत ठेवण्याची विद्या त्यांनी तेथे आत्मसात केली. तिला ऊतिसंवर्धन म्हणतात. जंतूंचा किंचित शिरकाव झाला तरी दिवसांचे श्रम वाया जात. त्यामुळे या कामास विलक्षण स्वच्छता व चिकाटी लागे. मायदेशी परतल्यावर परदेशी न रमता त्यांनी मुंबईच्या भारतीय कर्करोग संशोधन केंद्रात देशातील पहिली ऊतिसंवर्धन प्रयोगशाळा उभारली. उंदरांवर प्रयोग करून त्यांनी स्तनांच्या कर्करोगाचा आनुवंशिकता, संप्रेरके व विषाणू यांच्याशी असलेला संबंध अभ्यासला. १९६६ ते १९७० या काळात त्या केंद्राच्या संचालिका होत्या.

ज्ञान प्रयोगशाळेच्या चार भिंतींत कोंडून राहू नये, असे त्यांना वाटे. म्हणून १९७३ साली त्यांनी सहकारी भगिनींसमवेत भारतीय महिला वैज्ञानिक संघटना स्थापन केली. पुढे अकोले तालुक्यातील आदिवासी बालकांच्या पोषणाचाही त्यांनी अभ्यास केला. १९८२ साली भारत सरकारने त्यांना ‘पद्मभूषण’ देऊन गौरविले. २००१ साली त्यांचे निधन झाले.

कर्करोग स्पर्शाने जडत नाही. तंबाखूपासून दूर राहिल्यास तोंडाच्या कर्करोगाचा धोका पुष्कळ टळतो. तोंडात बरा न होणारा व्रण किंवा अंगावर अकारण गाठ दिसल्यास ती न लपविता वैद्यास दाखवावी. कारण रोग लवकर ओळखला तर तो बरा होण्याची आशा अधिक असते. एवढे ज्ञान ज्या घरी पोहोचले, त्या घरी कमलताईंचे श्रम सार्थकी लागले.

स्वाध्याय

१. लोक कर्करोग का लपवीत? त्याचा परिणाम काय होई?
२. हराळी व कर्करोगाची पेशी यांतील साम्य व भेद सांगा.
३. ऊतिसंवर्धनाच्या कामास चिकाटी का लागे?
४. तंबाखूच्या दुष्परिणामांविषयी घरातील वडीलधाऱ्यांना सांगण्यासाठी दहा ओळी लिहा.