आयोडीनची गोळी घरात साठवावी का?

रायपूरच्या चौबे कॉलोनीतल्या मराठी घरांतून कुणाची लेक बोईसरला दिलेली असते, कुणाचा मुलगा जपानला. त्यामुळे अणुगळतीची बातमी, खरी असो वा व्हॉट्सअ‍ॅपची, आली की पोटॅशियम आयोडाइडच्या गोळ्या आणून ठेवाव्यात का, हा प्रश्न निघतोच. माझं उत्तर 'नको' असं आहे. गोळी कुचकामी नाही, पण तिचं काम फार नेमकं आणि वेळेला बांधलेलं आहे. भट्टीतून सुटलेलं किरणोत्सारी आयोडीन-131 आणि मिठातलं आयोडीन यांत थायरॉइडला फरक करता येत नाही. साध्या आयोडीनने ती आधीच तुडुंब भरली, तर किरणोत्सारी आयोडीन बहुतांशी लघवीवाटे निघून जातं. मोठ्यांच्या 130 मिलिग्रॅमच्या गोळीत सुमारे 100 मिलिग्रॅम आयोडीन असतं, आणि रोजची गरज आहे 150 मायक्रोग्रॅम. म्हणजे दीड वर्षाहून जास्त दिवसांचा शिधा एका घोटात! फुकुशिमानंतर 2011 साली चीनमध्ये मिठावर झुंबड उडाली होती, पण घरातल्या आयोडीनयुक्त मिठातून एवढं आयोडीन मिळवायचं तर काही किलो मीठ खावं लागेल.

जागतिक आरोग्य संघटनेच्या 2017च्या सल्ल्यानुसार गोळी किरणोत्सारी आयोडीन शरीरात जाण्याआधीच्या 24 तासांत किंवा नंतरच्या दोन तासांत घ्यावी. आठ तासांपर्यंतही बऱ्यापैकी उपयोग होतो. 24 तास उलटल्यावर घेतली तर फायद्यापेक्षा नुकसान जास्त, कारण थायरॉइडमध्ये शिरलेलं आयोडीन मग तिथेच रेंगाळतं. ही वेळ टीव्ही पाहून ठरत नाही, मोजमापं हाती असलेल्या यंत्रणेलाच ठरवता येते. बोईसरजवळच्या तारापूर अणुवीज केंद्राभोवती आपत्कालीन नियोजन 16 किलोमीटरच्या परिघात होतं. रायपूर तिथून नऊशे किलोमीटरांहून दूर आहे.

यावर कुणी म्हणेल, चेर्नोबिलनंतर 1986मध्ये पोलंडने कोटभर मुलांना आयोडीन दिलंच ना? दिलं, आणि योग्यच केलं. पण त्याच वेळी गाईंना ताज्या कुरणावर सोडायला बंदी घातली आणि लहानग्यांना दुधाची भुकटी दिली. सोव्हिएत भागात मुलं दूषित दूध पीत राहिली. तिथे लहानपणी किरणोत्सर्ग झालेल्यांत 2005पर्यंत थायरॉइड कर्करोगाचे सहा हजारांवर रुग्ण आढळले, आणि त्यांतल्या मोठ्या वाट्याचं खापर त्या दुधावरच फुटतं. आयोडीन-131 दर आठ दिवसांनी निम्मं होतं, म्हणून काही आठवडे ताजं दूध टाळणं हा गोळीइतकाच मोलाचा उपाय आहे.

'असू दे घरात, काय बिघडतं?' बिघडतं. नवजात बाळाची थायरॉइड या मात्रेने मंदावू शकते, जुनं गलगंड असलेल्यांची भलतीच वेगात सुटू शकते, आणि चाळिशीनंतर लाभ तसाही थोडाच. शिवाय सीझियमसारख्या इतर किरणोत्सारी पदार्थांपुढे ही गोळी निरुपयोगी. थायरॉइडच्या रुग्णांची सकाळची थायरॉक्सीनची गोळी म्हणजे ही नव्हे, आणि जखमेवरचं बीटाडीन तर चुकूनही पोटात घेऊ नये. बोईसरच्या लेकीकडे तान्हं बाळ असेल, तर तिने प्रशासनाने सांगितल्यावरच गोळी घ्यावी. नवजात बाळाची मात्रा 16 मिलिग्रॅम, तीही एकदाच, आणि त्यानंतर बाळाची थायरॉइड तपासून घ्यावी.