पुस्तक-परीक्षण आणि शाळेचा ग्रंथसंग्रह



शाळेचे ग्रंथालय म्हटले की पुष्कळ ठिकाणी आपल्या डोळ्यांपुढे एक लोखंडी कपाट अगर पत्र्याची पेटी उभी राहते. तीत किती पुस्तके आहेत हे नोंदवहीवरून तत्काळ सांगता येते. परंतु तीच पुस्तके तेथे का आली आणि जी आली नाहीत ती का आली नाहीत, असे विचारले असता बहुधा उत्तर मिळत नाही. प्रस्तुत पाठात या प्रश्नाचा एक भाग विचारासाठी घेतला आहे. पुस्तकाविषयी कोणी तरी लिहितो अगर बोलतो, ते वाचून-ऐकून आपण पुस्तक घेतो किंवा वगळतो, आणि अशा रीतीने वर्षानुवर्षे शाळेचा संग्रह घडत अगर बिघडत जातो. हे कसे होते आणि त्यात शिक्षकाने कोणती दक्षता घ्यावी, हे येथे पाहावयाचे आहे.

बालकांच्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा अधिनियम २००९ साली झाला. त्याच्या अनुसूचीप्रमाणे प्रत्येक शाळेत वर्तमानपत्रे, मासिके आणि गोष्टींच्या पुस्तकांसह सर्व विषयांवरील पुस्तके देणारे ग्रंथालय असावयास पाहिजे. २०१८ साली सुरू झालेल्या समग्र शिक्षा योजनेत शाळेच्या स्तरानुसार ५,००० ते २०,००० रुपयांपर्यंत ग्रंथालय अनुदानाची तरतूद करण्यात आली. रक्कम मोठी नव्हे. म्हणूनच तिच्यातून आलेले प्रत्येक पुस्तक महत्त्वाचे आहे. शहरातील मुलास एक पुस्तक न आवडले तर दुसरे मिळते. खेड्यातील मुलास कपाटात जे असेल तेवढेच मिळते.

१. परीक्षण कशास म्हणावे?

पुस्तकाविषयी छापून येणारा सर्वच मजकूर परीक्षण नसतो. मासिकाच्या शेवटी ‘साभार पोच’ या मथळ्याखाली जी यादी असते, ती केवळ पुस्तक मिळाल्याची पावती होय. मलपृष्ठावरील मजकूर प्रकाशकाने पुस्तक विकले जावे म्हणून लिहविलेला असतो. प्रस्तावना बहुधा लेखकाच्या विनंतीवरून लिहिली जाते. पुस्तक-परिचयात आत काय आहे हे कळते, परंतु ते कसे साधले आहे हे कळेलच असे नाही. पुस्तक पूर्ण वाचून, त्याचा हेतू ध्यानात घेऊन, गुण आणि दोष दोन्ही कारणांसह सांगणारे लिखाण तेच परीक्षण.

मराठीत या लिखाणाची परंपरा जुनी आहे. १८६७ साली सुरू झालेल्या ‘विविधज्ञानविस्तार’ या मासिकाने ग्रंथपरीक्षणाला मानाचे स्थान दिले. १९६४ साली ‘ललित’ हे मासिक तर ग्रंथविषयक माहितीसाठीच निघाले. मात्र मोठ्यांच्या पुस्तकांच्या मानाने बालपुस्तकांच्या परीक्षणास आपल्या नियतकालिकांत जागा थोडी मिळते, ही गोष्ट विसरून चालणार नाही. तिचा परिणाम थेट आपल्या कपाटावर होतो.

२. परीक्षणाने संग्रह कसा घडतो?

पहिली गोष्ट म्हणजे परीक्षणामुळे पुस्तक आहे हे कळते. ज्याचे नावच कानावर आले नाही, ते मागविणार कोण? लहान प्रकाशकाचे, आडगावच्या लेखकाचे अगर बोलीभाषेतील पुस्तक निकृष्ट म्हणून नव्हे, तर केवळ अज्ञात म्हणून बाहेर राहते.

दुसरी गोष्ट, परीक्षण निर्णयास आधार देते. अमेरिकेतील ग्रंथालय-संघाने १९०५ साली ‘बुकलिस्ट’ नावाचे नियतकालिक सुरू केले. लहान गावच्या ग्रंथपालास प्रत्येक पुस्तक चाळून पाहणे शक्य नसते, म्हणून जाणत्या मंडळींनी वाचून निवड सुचवावी, हा त्याचा हेतू. जी पुस्तके ग्रंथालयाने घ्यावीत असे वाटते, त्यांचेच परीक्षण तेथे येते. म्हणजे तेथे मौन हादेखील एक अभिप्राय ठरतो.

तिसरी गोष्ट आपल्या विशेष लक्षात येण्याजोगी आहे. पुष्कळ वेळा पुस्तकांची निवड आपल्या हाती नसते. संच वरून येतात. तरीही पेटीतून कोणते पुस्तक प्रथम बाहेर निघते, हे शिक्षकाच्या अभिप्रायावरच अवलंबून असते. ज्याविषयी वर्गात चार शब्द बोलले गेले ते पुस्तक हातोहात फिरते. ज्याविषयी कोणी बोलले नाही ते तळाशी राहते. थोर ग्रंथालयशास्त्रज्ञ डॉ. शि. रा. रंगनाथन यांनी १९३१ साली ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रे मांडली. पुस्तके उपयोगासाठी आहेत, प्रत्येक वाचकास त्याचे पुस्तक मिळावे आणि प्रत्येक पुस्तकास त्याचा वाचक मिळावा, ही त्यांतील पहिली तीन. चांगले परीक्षण या तिन्ही सूत्रांची सेवा करते.

३. न्यूयॉर्क येथील एक उदाहरण

अभिप्रायाचे सामर्थ्य केवढे असते, हे दाखविणारे एक उदाहरण न्यूयॉर्कच्या सार्वजनिक ग्रंथालयाचे आहे. ॲन कॅरोल मूर या विदुषी १९०६ पासून १९४१ पर्यंत तेथील बालविभागाच्या प्रमुख होत्या. मुलांना ग्रंथालयात मानाने प्रवेश मिळावा, त्यांना पुस्तके घरी नेता यावीत, त्यांच्यासाठी कथाकथन व्हावे, यासाठी त्यांनी फार मोठे कार्य केले. १९१८ पासून त्या ‘द बुकमन’ या मासिकात बालपुस्तकांची परीक्षणेही लिहीत. त्यांच्या शब्दास एवढे वजन आले की, त्यांनी नापसंत केलेले पुस्तक अनेक ग्रंथालये घेण्यास कचरत. निवृत्तीनंतरही हे वजन कमी झाले नाही.

१९४७ साली मार्गारेट वाइज ब्राउन यांचे ‘गुडनाइट मून’ हे चिमुकले चित्रपुस्तक प्रसिद्ध झाले. झोपी जाणारे सशाचे पिल्लू आपल्या खोलीतील एकेका वस्तूचा निरोप घेते, एवढाच त्याचा विषय. मूर यांच्या अभिरुचीस परीकथा आणि अद्भुत कल्पना मानवत. मुलाच्या रोजच्या साध्या अनुभवावर लिहावे, हा नवा विचार त्यांस रुचत नव्हता. हे पुस्तक त्यांस आवडले नाही आणि त्या ग्रंथालयाने ते घेतले नाही. ते त्याच्या संग्रहात आले १९७२ साली, म्हणजे २५ वर्षांनी.

२०२० साली ग्रंथालयास १२५ वर्षे झाली, तेव्हा आजवर सर्वाधिक वेळा वाचकांनी नेलेल्या दहा पुस्तकांची यादी प्रसिद्ध करण्यात आली. एझ्रा जॅक कीट्स यांचे ‘द स्नोई डे’ हे १९६२ सालचे बालपुस्तक तीत पहिले आले. ‘गुडनाइट मून’ त्या दहांत नव्हते; मात्र त्याचा स्वतंत्र उल्लेख करून, ते इतकी वर्षे संग्रहात का नव्हते, हे ग्रंथालयाने स्वतःच मोकळेपणाने सांगितले.

या कथेतून मूर यांच्याविषयी अनादर शिकावयाचा नाही. त्या जाणत्या होत्या, कष्टाळू होत्या, मुलांवर प्रेम करणाऱ्या होत्या. तरीही एका व्यक्तीचे मत हाच संग्रहाचा एकमेव दरवाजा झाला, म्हणून २५ वर्षे मुलांपुढे एक दार बंद राहिले. शिकावयाचे ते एवढेच.

४. माझी एक चूक

दूरचे उदाहरण सांगून जवळचे झाकणे योग्य नव्हे. सुमारे पंचवीस वर्षांपूर्वी मी एका द्विशिक्षकी शाळेत काम करीत होतो. एका वर्तमानपत्रात विज्ञानविषयक पुस्तकांच्या एका संचाची स्तुती मी वाचली. ती मला इतकी पटली की, केंद्राच्या मासिक सभेत मी ते कात्रण वाचून दाखविले आणि स्वतःची चार वाक्ये त्यास जोडली. संच मी पाहिलेला नव्हता. माझ्या शब्दावर विसंबून चार शाळांनी तो घेतला; त्या वर्षीची त्यांची बहुतेक रक्कम त्यातच संपली.

संच आल्यावर पाहतो तो बारीक टाइप, एका पृष्ठावर दोन स्तंभ, चित्रे जवळजवळ नाहीत आणि भाषा माध्यमिक शाळेतील विद्यार्थ्यांसही जड जाईल अशी! माहिती चुकीची नव्हती. पुस्तके वाईट नव्हती. ती आमच्या मुलांची नव्हती, एवढेच.

पुढे विस्तार अधिकारी झाल्यावर त्यांपैकी एका शाळेस भेट देण्याचा प्रसंग आला. कपाटात तो संच तसाच होता. काही पुस्तकांची पृष्ठे एकमेकांस चिकटलेली होती. मी मुख्याध्यापकांना कारण विचारले. ते क्षणभर थांबले आणि अत्यंत नम्रपणे म्हणाले, “साहेब, हा संच आपणच सुचविला होता.” खिडकीजवळ चौथीतील एक मुलगी मुखपृष्ठ निखळलेले गोष्टींचे पुस्तक वाचीत बसली होती. कितव्यांदा वाचतेस, असे विचारता ती म्हणाली, “तिसऱ्यांदा. दुसरं नाही ना गुरुजी.”

त्या मुलीस दुसरे पुस्तक मिळाले नाही, याचे एक कारण मी होतो. न वाचलेल्या पुस्तकाविषयी मत देऊ नये, हा नियम त्या दिवसापासून मी स्वतःस घालून घेतला आहे.

५. परीक्षण कसे वाचावे?

पुस्तके मागविण्यापूर्वी परीक्षण हाती आले, तर पुढील प्रश्न स्वतःस विचारावेत.

(अ) लिहिणाऱ्याने पुस्तक पूर्ण वाचले आहे असे दिसते काय? नुसती विशेषणे आहेत की पुस्तकातील एखादा प्रसंग, एखादे पात्र, एखादे चित्र यांचा नेमका उल्लेख आहे?

(आ) एक तरी उणीव सांगितली आहे काय? जेथे केवळ स्तुती आहे तेथे सावध असावे.

(इ) कोणत्या वयाच्या मुलांसाठी, हे स्पष्ट आहे काय? ‘मुलांसाठी’ एवढे पुरेसे नाही. दुसरीतील आणि सातवीतील मूल एक नव्हे.

(ई) टाइप, चित्रे, कागद, बांधणी, पृष्ठे आणि किंमत यांविषयी काही आहे काय? शाळेतील पुस्तक शंभर हातांतून जाते. सुटणारी पाने असलेले पुस्तक स्वस्त असूनही महागच पडते.

(उ) लिहिणारा आणि लेखक अगर प्रकाशक यांचा निकटचा संबंध आहे काय?

(ऊ) परीक्षणकर्त्यापुढे कोणते मूल आहे? शहरातील घरात बसून लिहिणाऱ्यास ऊसतोड मजुराचे, धनगराचे अगर पाड्यावरचे मूल दिसतेच असे नाही. जे पुस्तक त्यास सामान्य वाटले, ते आपल्या वर्गात आवडीचे ठरू शकते. आणि याच्या उलटही होते.

भ्रमणध्वनीवरील गटांतून येणाऱ्या शिफारशींनाही हीच कसोटी लावावी. एकच मजकूर दहा ठिकाणांहून आला, म्हणून ती दहा मते होत नाहीत.

शक्य असेल तेथे तीन मतांचा नियम पाळावा: एक छापील परीक्षण, एक पुस्तक प्रत्यक्ष वाचलेल्या शिक्षकाचे मत आणि एक मुलांचे मत. पुस्तकाची एक प्रत मिळवून तिचे पहिले पान वर्गात मोठ्याने वाचावे. मुले “पुढे काय झालं?” असे विचारतात की खिडकीबाहेर पाहू लागतात, हे दिसून येते. त्याहून प्रामाणिक परीक्षण मिळणे कठीण.

६. मुलांचे आणि शिक्षकांचे परीक्षण

प्रत्येक पुस्तकाच्या शेवटच्या कोऱ्या पानास एक कागद जोडावा. ज्याने पुस्तक वाचले त्याने तेथे तारीख, इयत्ता आणि दोन वाक्ये लिहावीत: काय आवडले, काय नाही. लहान मुलांनी चित्र काढले तरी चालेल. मुलाने “कंटाळा आला” असे लिहिले तर त्यास रागावू नये. तेच वाक्य पुढील वर्षी शाळेचे पैसे वाचविते. वर्षअखेर हे कागद पाहिले असता कोणत्या प्रकारची पुस्तके कमी पडतात, कोणत्यांची दुसरी प्रत हवी आणि कोणती निर्लेखनास योग्य आहेत, हे आपोआप कळते.

येथे एक अडचण बोलून दाखविली पाहिजे. पुस्तक फाटले अगर हरविले तर हिशेब द्यावा लागेल, या भीतीने अनेक शिक्षक कपाटास कुलूप लावतात. भीती खोटी नाही. परंतु न उघडलेले पुस्तक जडसंग्रहात सुरक्षित असले तरी त्याचा वाचक हरवलेला असतो, आणि त्याची नोंद कोणत्याच वहीत होत नाही. वापराने जीर्ण झालेले पुस्तक रीतसर निर्लेखित करता येते. भेटीच्या वेळी मी अशा प्रस्तावांचे स्वागतच करीन.

७. करावयाचे काम

येत्या शिक्षण परिषदेपूर्वी प्रत्येक शाळेने पुढील काम करावे.

(१) आपल्या कपाटातील आजवर कोणीही न नेलेली पाच पुस्तके बाहेर काढावीत. त्यांपैकी दोन शिक्षकाने स्वतः पूर्ण वाचावीत.

(२) त्या दोन पुस्तकांवर प्रत्येकी दहा ओळींचे परीक्षण लिहावे. विषय, योग्य इयत्ता, भाषा, चित्रे, एक गुण, एक दोष आणि मुलांचे मत, एवढे त्यात यावे.

(३) परिषदेत ही परीक्षणे वाचून दाखवावीत. ज्या शाळेस जे पुस्तक उपयुक्त वाटेल, ते तिने नोंद करून महिनाभर वाचनास न्यावे.

(४) पुढील प्रश्नांवर चर्चा करावी: आपल्या संग्रहात परिसरातील जीवन, शेती, पशुपक्षी आणि बोली यांविषयी किती पुस्तके आहेत? मुलींना आपली वाटतील अशी किती? ती नसण्याचे कारण पुस्तके नाहीत हे, की आपणांस त्यांची नावे ठाऊक नाहीत हे?

केंद्रातील दहा शाळांनी एवढे केले तर वीस वाचलेल्या पुस्तकांची, वीस प्रामाणिक परीक्षणांची यादी तयार होईल. पुढील अनुदान येईल तेव्हा ती हाताशी असावी. त्या चौथीतील मुलीस मी जे उत्तर देऊ शकलो नाही, ते आपल्यापैकी प्रत्येकाने आपल्या वर्गातील मुलांस द्यावे: “दुसरे आहे, हे घे.”